बिऱ्हाड पाठीवर, आभाळ डोक्यावर

वाळवंट हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाळा उभा राहतो. होरपळलेली वाळू, दूरवर चमकणारे मृगजळ आणि पाण्यासाठी व्याकूळ झालेला एखादा वाटसरू, एवढेच चित्र शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर ठसविलेले असते. ते चित्र खोटे नाही. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंश सेल्सियसवर गेला होता. परंतु याच मरुभूमीला हिवाळाही आहे, आणि तो पाहिल्याखेरीज तिची खरी ओळख होत नाही. जानेवारीत जैसलमेरला दुपारी अंगात साधा सदरा पुरतो. पहाटे मात्र दोन घोंगड्याही अपुऱ्या वाटतात. उत्तरेकडे चुरू, फतेहपूर या भागांत तर काही पहाटे तापमान शून्याखाली उतरते आणि शेतातील दव गोठून पिके पांढरी दिसू लागतात.

उन्हाळ्यातील मरुभूमी कठोर असली तरी तिचा स्वभाव उघड असतो. सकाळी जे ऊन पडते तेच दुपारी वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. हिवाळ्यातील मरुभूमी दिसावयास सौम्य, पण मोठी लहरी. चार दिवस निळे आभाळ, पाचव्या दिवशी ढग, सहाव्या दिवशी पाऊस, सातव्या दिवशी हात पुढे केला तर दिसू नये असे धुके आणि आठव्या दिवशी हाडे गोठविणारा वारा, असा सगळा सोहळा एका आठवड्यातही पाहावयास मिळतो. अशा ऋतूत स्वतःचे बिऱ्हाड मोटारीवर लादून थरमधून हिंडावयाचे झाले तर काय काय अनुभवास येते, आणि तेथील माणसे या लहरी आभाळाखाली इतकी शतके कशी नांदली, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

बिऱ्हाडगाडी

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण आजवर निंदेच्या सुरात ऐकली असेल. ज्याला घरदार नाही, ज्याचा पाय एका जागी ठरत नाही, त्याला उद्देशून ती वापरतात. मरुभूमीत मात्र या विंचवाचे शहाणपण पटू लागते. लहानशा मालमोटारीच्या पाठीवर लाकडाची अथवा पत्र्याची खोली बसवावी, तिच्यात निजण्यापुरत्या दोन फळ्या, एक चूल, पाण्याची टाकी आणि भांड्यांची फडताळे असावीत, की झाले बिऱ्हाड. परदेशांत अशा गाडीला ‘कॅम्पर’ म्हणतात. जैसलमेरच्या बाजारात मात्र हा शब्द जपून वापरावा. ‘कॅम्पर’ मागितला तर दुकानदार वीस लिटर पाण्याचा प्लॅस्टिकचा जार आपल्या हाती देईल, आणि मरुभूमीचा विचार करता तीच वस्तू अधिक मोलाची ठरेल!

आपल्या देशात अशा प्रवासाची सोय आता हळूहळू होत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांतून करावयाच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. इतर काही राज्यांतही असे प्रयत्न झाले आहेत. गाडी भाड्याची असो वा घरची, तिच्यात काय भरावे याचा विचार निघण्यापूर्वीच केला पाहिजे. माणशी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पिण्यास व स्वयंपाकास धरावे, आणि त्यावर दोन दिवसांचा साठा अधिक ठेवावा. फावडे, दोरखंड, चाकाखाली घालावयास दोन भक्कम फळ्या, चाकात हवा भरण्याचा पंप आणि एक जादा चाक यांवाचून डांबरी रस्ता सोडू नये. कोरड्या वाळूत शिरताना चाकांतील हवा बरीच कमी करावी लागते, म्हणजे चाक पसरून वाळूवर तरंगते. पुन्हा सडकेवर येताच ती भरून घ्यावी लागते. आणि सामानात सर्वांत वरच्या जागी एक वस्तू ठेवावी, ती म्हणजे मोकळा दिवस. आठ दिवसांचा प्रवास असेल तर दहा दिवसांची सवड काढावी. ते दोन दिवस आपले नव्हेत, आभाळाचे आहेत, असे समजून चालावे.

जोधपूरहून पुढे

दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाशाला, मग तो नागपूरचा असो, इंदूरचा असो की हैदराबादचा, जोधपूर हेच मरुभूमीचे दार आहे. येथेच केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था १९५९ पासून काम करीत आहे. सरकत्या वाळूच्या टेकड्या एका जागी कशा थांबवाव्यात, हा तिच्या आरंभीच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. वाऱ्याला आडवी अशी सुक्या काटक्यांची कुंपणे घालावयाची, त्यांच्या आडोशाला गवत व झुडपे लावावयाची आणि गुरांना काही वर्षे त्यांपासून दूर ठेवावयाचे, अशी ती साधी पण चिवट रीत आहे. रस्त्याने जाताना हिरवळ धरून निजलेल्या टेकड्या दिसल्या की या कामाची आठवण ठेवावी.

शहराची वस्ती मागे पडली की शेताशेतांतून एक काटेरी, शेंड्याला विरळ पानांचा झाड दिसू लागतो. हा खेजडी, म्हणजेच आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा म्हणजे सांगरी माणसांना आणि सावली सर्वांनाच. तिच्याखालचे पीक खुरटत नाही, म्हणून शेतकरी तिला शेतात राहू देतो. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये राजाच्या माणसांनी ही झाडे तोडावयास घेतली, तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि तिच्यासह ३६३ माणसांनी प्राण दिले. मरुभूमीत झाड म्हणजे शोभा नव्हे, दुष्काळातील पेव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या बलिदानाचा अर्थ उमगतो.

जोधपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर फलोदी आणि तिच्या शेजारी खीचन हे गाव. येथे हिवाळ्यात पहाटे उठण्याचा आळस करू नये. मंगोलिया, मध्य आशिया अशा दूरच्या प्रदेशांतून हिमालय ओलांडून हजारो करकोचे येथे येतात. राजस्थानी लोक त्यांना कुरजा म्हणतात. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी कुंपण घातलेले अंगण राखले असून तेथे रोज धान्य पसरले जाते. पिढ्यान्‌पिढ्या ही रीत चालत आली आहे. जून २०२५ मध्ये खीचनचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत झाला. परदेशी पाहुण्यांना गेलेल्या मुलीबाळींचा निरोप सांगावा, तशी येथील लोकगीतांतील विरहिणी कुरजेला निरोप सांगते. पाहुण्यांना दाणे घालणारे गाव स्वतः मात्र वर्षाकाठी थोड्याच पावसावर जगते, हे पाहून कोणाचेही मन नम्र होईल.

आभाळाचे गणित

येथे थोडे थांबून या लहरी हवेचे कारण समजून घेऊ. थरमध्ये हवा कोरडी आणि जमीन वाळूची. वाळू लवकर तापते व लवकर निवते. रात्री आभाळ निरभ्र असले की जमिनीतील ऊब थेट वर निघून जाते, आणि म्हणून दिवस व रात्र यांच्या तापमानांत पंधरा-सोळा अंशांचे अंतर पडते. ढग आले की ते पांघरुणासारखे काम करतात आणि रात्र उबदार होते. यासाठीच मरुभूमीतील जाणता माणूस थंडीच्या दिवसांत अचानक उबदार रात्र लागली की खूष होत नाही. तो आभाळाकडे पाहू लागतो.

हे ढग येतात कोठून? आपल्याकडचा पावसाळा नैर्ऋत्येकडून येतो, पण हा हिवाळी पाऊस पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूस निर्माण होणारी हवेची वादळी आवर्तने इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिमालयात त्यांचे बर्फ पडते, पंजाबात गव्हाला पाणी मिळते आणि त्यांचा पदर राजस्थानावरून गेला तर तेथेही चार शिंतोडे पडतात. विक्षोभ येताना वारा दक्षिण-पूर्वेकडून वाहू लागतो व हवा दमट होते; तो निघून गेला की उत्तरेकडचा कोरडा, गार वारा मोकळा सुटतो. या वाऱ्याला तेथे डांफर म्हणतात. तेव्हा ऊब, ढग, पाऊस, धुके आणि कडाक्याची थंडी हा क्रम वरवर लहरी वाटला तरी त्याला एक सूत्र आहे. कोणता विक्षोभ किती दक्षिणेला उतरेल आणि कोणत्या गावावर बरसेल, हे मात्र गावातला म्हातारा छातीठोकपणे सांगत नाही. आज हवामान खात्याचे अंदाज काही दिवस आधी मिळतात व ते पाहून निघणे शहाणपणाचेच आहे. पण पन्नास किलोमीटरच्या अंतरात एक ढाणी भिजते आणि दुसरी कोरडी राहते, असा हा प्रदेश आहे.

या हिवाळी पावसाला राजस्थानात ‘मावठ’ म्हणतात. शेजारच्या गुजरातेत हाच शब्द ‘मावठुं’ असा आहे. बडोद्याच्या मराठी वाचकांना तो ठाऊक असेलच. परंतु एका राज्यातून दुसऱ्यात जाताना शब्दाचा चेहरा पालटतो. गुजरातेत मावठुं म्हणजे अवकाळी, नासाडी करणारा पाऊस. राजस्थानात मावठ म्हणजे सोन्याचे थेंब. गहू, हरभरा, मोहरी यांना त्याने जीव येतो. एकाच पावसाला एकीकडे शिव्या आणि दुसरीकडे आरती! पुढे जैसलमेरच्या पश्चिमेस गेल्यावर ही दोन्ही तोंडे आपल्याला एकाच शिवारात पाहावयास मिळतात.

पिवळ्या दगडाचे नगर

रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसविलेले जैसलमेर दुरून दिसते ते त्रिकूट टेकडीवरच्या किल्ल्यामुळे. त्याचा पिवळा दगड मावळतीच्या उन्हात सोन्यासारखा दिसतो. या दगडाचे नाते समुद्राशी आहे, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता व त्याच्या तळाशी हे खडक साचले. शहरापासून सुमारे सतरा किलोमीटरवर आकल येथे त्या प्राचीन काळातील वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. २०१३ मध्ये राजस्थानातील डोंगरी किल्ल्यांबरोबर जैसलमेरचा किल्लाही जागतिक वारशाच्या यादीत गेला. आजही त्यात कुटुंबे राहतात. पूर्वी पाणी खालून डोक्यावर वाहून आणावे लागे, तेव्हा ते थेंबाथेंबाने वापरले जाई. नळ आले, पाण्याचा वापर वाढला, आणि मुरणाऱ्या पाण्याने किल्ल्याचा पायाच ठिसूळ होऊ लागला. कोरड्या हवेसाठी बांधलेल्या घराला पाण्याचेच भय वाटावे, हाही मरुभूमीचा एक धडा आहे.

शहराबाहेर गडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकात रावळ गडसी याने तो बांधविला व शेकडो वर्षे शहराने तेच पाणी प्याले. आज इंदिरा गांधी कालवा पंजाबातील हरिके धरणापासून ६४९ किलोमीटर वाट चालून जैसलमेर जिल्ह्यात आला आहे. १९५८ मध्ये त्याचे काम सुरू झाले होते. त्याने मरुभूमीच्या मोठ्या पट्ट्याचे जीवन पालटले. तरीही कालव्यापासून दूर पडलेल्या ढाण्यांत जुन्याच युक्त्या उपयोगी पडतात, आणि त्या पाहण्यासाठी आपली गाडी आता पश्चिमेकडे वळवावयाची आहे.

जागा निवडताना

जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत कुलधरा हे ओसाड गाव लागते. पालीवाल ब्राह्मणांनी ते एकोणिसाव्या शतकात सोडले. लोककथा एका दिवाणाच्या जुलमाचे कारण सांगते. अभ्यासक आटत गेलेले पाणी व इतर कारणेही पुढे करतात. या पालीवालांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे खडीन. खडकाळ उतारावरून येणारे पावसाचे पाणी सखल जागी मातीचा लांब बांध घालून अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर हरभरा व गहू पेरावयाचा, अशी ही शेती आहे. जेथे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो, तेथे जानेवारीत बांधाआड हरभऱ्याचे हिरवेगार शेत पाहून डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

आम्ही या भागात होतो तेव्हा तिसऱ्या प्रहरी पश्चिमेला पिसांसारखे ढग आले आणि संध्याकाळपर्यंत आभाळ राखाडी झाले. वारा पडला होता. मुक्कामासाठी दोन जागा समोर होत्या. एक, सारवलेल्या अंगणासारखी सपाट, गुळगुळीत चिकणमातीची, आडोशाची. दुसरी, वर माळावरची, खडे-गोट्यांची व वाऱ्याला उघडी. मेंढ्या घेऊन परतणाऱ्या एका वृद्धाला विचारले, “बाबासा, गाडी कोठे लावावी?” त्याने आधी गाडीकडे, मग आभाळाकडे पाहिले आणि काठीने माळाकडे बोट दाखविले. “खाली पाण्याचे घर आहे,” तो म्हणाला. “मालक कधी येईल ते सांगून येत नाही. दुसऱ्याच्या घरात कशाला निजता?”

रात्री अकराच्या सुमारास पत्र्यावर पहिले थेंब वाजले. दोन अडीच तास पाऊस संथपणे पडत राहिला. आपल्या कोकणात त्याला कोणी पाऊसही म्हटले नसते. पण सकाळी खालच्या त्या अंगणावर पाण्याची पातळ चादर चमकत होती आणि काठावर पाऊल ठेवताच ते घोट्यापर्यंत चिखलात जात होते. तेथे लावलेली गाडी दोन-तीन दिवस तरी हलली नसती. उलट वाळूच्या टेकड्यांकडची वाट ओलीने घट्ट झाली होती. कोरडी असताना चाके गिळणारी वाळू भिजल्यावर पाठीवर घेते, आणि कोरडी असताना फरशीसारखी वाटणारी चिकणमाती भिजल्यावर धरून ठेवते. मरुभूमीत गाडी हाकणाऱ्याने एवढे एक वाक्य पाठ करावे. आणि मुक्कामाची जागा नकाशाला विचारण्याआधी तेथल्या माणसाला विचारावी.

एका पावसाची दोन तोंडे

सकाळी जवळच्या ढाणीत गेलो. ढाणी म्हणजे चार-सहा घरांची वाडी. घरातील बाई अंगणातल्या टाक्यात डोकावून पाणी किती चढले ते पाहत होती. टाके म्हणजे जमिनीत खोदून आतून गिलावा केलेली बंद विहीरच. तिच्या भोवती उतरती, चोपलेली जागा असते. तिला आगोर म्हणतात. आगोरावर पडलेला प्रत्येक थेंब जाळी लावलेल्या भोकांतून टाक्यात उतरतो. आगोरावर जोडे घालून कोणी जात नाही, आणि ढग दिसताच बायका ते झाडून काढतात. आदल्या संध्याकाळी आम्ही आभाळाकडे चिंतेने पाहत होतो, त्याच वेळी ही माउली खराटा घेऊन पावसाच्या स्वागताला निघाली होती. टाक्यात वीतभर पाणी वाढले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचे समाधान होते.

तिच्या दिराचा चेहरा मात्र उतरला होता. खडिनातल्या हरभऱ्याला या पावसाने बाळसे येणार होते. पण विहिरीच्या पाण्यावर त्याने जिऱ्याचे पीक घेतले होते. जिरे हे थंड, कोरड्या हवेचे पीक. ते फुलावर असताना ढग व दमटपणा राहिला की करपा येतो आणि बघता बघता शेत काळवंडते. तेथे इसबगोलही घेतात. त्याचे दाणे पिकल्यावर पाऊस पडला तर ते गळून मातीत मिळतात. आपल्या घरी फोडणीत पडणारे जिरे आणि औषधाच्या डबीतला इसबगोल यांच्यामागे किती धास्ती असते, याची कल्पना दूर शहरात येत नाही. एका घरात, एकाच सकाळी, एकाच पावसाने एकाला हसविले व दुसऱ्याला काळजीत टाकले होते. तो तरुण म्हणाला, “आभाळ साफ होऊन ऊन पडले तर जिरे वाचेल. नाही वाचले तर हरभरा आहे. तोही गेला तर मेंढ्या आहेत.”

या तीन वाक्यांत मरुभूमीचे सगळे अर्थशास्त्र आले. आभाळ काय करील याचा अचूक अंदाज बांधण्याच्या भरीस येथला माणूस पडत नाही. त्याने काहीही केले तरी एक दार उघडे राहील, अशी त्याची मांडणी असते. पीक गेले तर जनावर, जनावरांचा चारा संपला तर खेजडीचा पाला, विहीर आटली तर टाके. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, मधील दुष्काळाला तेथे अजून ‘छप्पनिया’ म्हणतात. तो ज्यांच्या आठवणीत कोरला गेला, त्या समाजाने एकाच आधारावर सारा भार टाकण्याची चैन कधी केली नाही. ढाणीत आम्हांला बाजरीची भाकरी, म्हणजे तिकडचा सोगरा, आणि केर-सांगरीची भाजी मिळाली. केर आणि सांगरी दोन्ही सुकवून ठेवतात. पाऊस येवो वा न येवो, भाजी घरात असते.

धुके, डांफर आणि शेगडी

मावठ सरली की प्रवाशाची खरी कसोटी लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे दाट धुके पडले. अशा वेळी गाडी हाकू नये. मरुभूमीतील सरळ रस्त्यावर वाहने भरधाव येतात, उंट व गाई सडकेवर बसलेल्या असतात, आणि धुक्यात या दोहोंचीही चाहूल लागत नाही. दहा-अकरा वाजेपर्यंत चहा करीत बसणे यात कमीपणा नाही. मोकळे ठेवलेले दिवस याचसाठी असतात.

धुके हटले की डांफर सुटतो. पत्र्याची खोली रात्री बर्फासारखी गार होते, श्वासांची वाफ भिंतींवर जमून थेंब गळू लागतात, आणि कोणालाही वाटते की कोळशाची शेगडी आत घ्यावी व दार लावावे. वाचकांना हात जोडून विनंती आहे की, असे कदापि करू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच कायमचा निजवितो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा दुःखद बातम्या येतात. शेगडीची ऊब बाहेर बसून घ्यावी, ती विझवून बाहेरच ठेवावी, आत लोकरी कपडे, टोपी व जाड गोधडी यांवर भिस्त ठेवावी आणि एक झरोका नेहमी उघडा असू द्यावा. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर ती रात्र गावातील धर्मशाळेत काढावी. पाठीवर बिऱ्हाड असले तरी गावाचा आसरा घेण्यात विंचवाची प्रतिष्ठा जात नाही.

जिप्समचा थर

जैसलमेरहून दक्षिणेस बाडमेर सुमारे दीडशे किलोमीटर. या बाजूस व रामगढकडेही वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर आहे. पावसाचे पाणी मुरत जाऊन या थरावर अडते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, आणि वाळूत ओल होऊन राहते. तेथे अरुंद, खोल कुई खणली की ती ओल थेंबथेंब पाझरून गोडे पाणी होते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ च्या हिंदी पुस्तकात या कलेचे रसाळ वर्णन केले आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये याच थराने दुसरे रूप दाखविले. वर्षाला सरासरी पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या बाडमेर भागात काही दिवसांतच त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस कोसळला. जिल्ह्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. कवास गावच्या परिसराचे सरोवर झाले, आणि जमिनीखालच्या जिप्समने पाणी मुरू न दिल्यामुळे ते महिनोन्‌महिने तसेच उभे राहिले. जो थर शतकानुशतके तहान भागवीत आला, त्यानेच गाव बुडविले. सखल, सोयीच्या जागी विस्तारलेली वस्ती पाण्याच्या वाटेवर आली होती. मेंढपाळ वृद्धाचे शब्द त्या पार्श्वभूमीवर आठवले की ते एका रात्रीच्या मुक्कामापुरते नव्हते, हे कळते.

पाहुण्याची रीत

आपण येथे पाहुणे आहोत, हे फिरताना विसरू नये. आपल्याकडे जशा देवराया, तशी तिकडे ओरण असतात. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानातील फांदीही कोणी तोडीत नाही, तेथे सरपण गोळा करू नये. टेकडीवरच्या गवतातून गाडी घालू नये. एका चाकोरीने मोडलेले गवत पुन्हा उगवावयास अनेक वर्षे लागतात. सरहद्दीजवळच्या काही भागांत परवानगीवाचून जाता येत नाही, तिची चौकशी जैसलमेरलाच करावी. टाक्यातले पाणी मागताना तांब्याभरच मागावे.

सम व खुडी यांच्या भोवतालच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात माळढोक राहतो. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात व तो राज्यपक्षी आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे मराठी माणसाला त्याचे नाव परिचयाचे आहे. देशभरात आता सुमारे दीडशेच माळढोक उरल्याचा अंदाज केला जातो. उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर आदळून तो मरतो, कारण त्याची नजर समोरचे पाहण्यास अपुरी पडते. २०१९ मध्ये सम येथे त्याची अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र सुरू झाले. दुरून तो दिसला तर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि तो आपणहून निघून जाईपर्यंत जागचे हलू नये.

मरुभूमीचा निरोप घेताना आपल्या टाकीतले पाणी किती उरले, ते अवश्य पाहावे. आरंभी ज्याला एक टाकी दोन दिवस पुरत नव्हती, त्याला परतताना ती चार दिवस पुरू लागलेली असते. वाळूने भांडी घासून मग चमचाभर पाण्याने ती विसळण्याची रीत हाताला लागलेली असते. घरी पोहोचल्यावर नळ नेहमीसारखाच वाहील, जिरे डब्यात असेल, आणि आभाळाकडे न पाहताही दिवस जाईल. तरी जानेवारीत कधी अवेळी ढग आले, तर वाचकहो, क्षणभर पश्चिमेकडे पाहा. त्या ढगांच्या वाटेवर कोठे तरी एखादी बाई आगोर झाडीत असेल, आणि तिच्या घरातला कोणी जिऱ्याच्या शेताच्या बांधावर उभा राहून ऊन पडण्याची वाट पाहत असेल. पाऊस दोघांचाही आहे.